पाणी बासष्ट

वाठोरे सरांना स्थिर आकडा आवडत नसे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर साखरेचं पुडकं ठेवलं आणि आकडा ठप्पकन एका जागी बसला, की ते मान किंचित वाकडी करून काट्याकडे पाहत राहायचे. दुकानदार अस्वस्थ व्हायचा. मग सर पुडक्याला एका बोटाने टिचकी मारायचे. आकडा दोन-चार ग्रॅम डळमळून परत जागेवर आला, की म्हणायचे, "जिता हाय," आणि पिशवी उचलायचे.

खरं मोजणारं यंत्र थोडं थरथरतं, असं त्यांचं म्हणणं. अजिबात न थरथरणारं यंत्र एकतर बंद असतं, नाहीतर खोटं बोलत असतं. हे ते माणसांबद्दलही म्हणत असावेत असा मला संशय होता, पण त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही.

हिंगोलीच्या ज्या तंत्रनिकेतनात मी ग्रंथपाल होतो, तिथे ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. संस्थेचं नाव इतकं लांब होतं की शिक्क्यात मावत नसे. शेवटचे दोन शब्द कागदाबाहेर जायचे. ग्रंथालयात चार कपाटं होती आणि त्यातलं एक संस्थापकांच्या गौरवग्रंथांनी भरलेलं होतं. उरलेल्या तीन कपाटांना नियमित हात लावणारे सगळ्या संस्थेत दोघंच, मी आणि वाठोरे सर. त्यामुळे आमची ओळख झाली असं म्हणण्यापेक्षा ती टाळता आली नाही, असं म्हणणं बरोबर.

दिसायला ते अगदी साधे. अंगात बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी छोटा स्क्रू-ड्रायव्हर. बोलणं हळू, आणि त्यात 'विचारलं का?' हे दोन शब्द फार. शिपाई सांगायचा, साहेब आत नाहीत, सर म्हणायचे, "विचारलं का?" मी म्हणायचो, हे पुस्तक आपल्याकडे नसणार, सर म्हणायचे, "कपाटाला विचारलं का?" आणि तीनात एकदा ते पुस्तक निघायचं.

त्यांची हजेरी घेण्याची पद्धत संस्थेत चेष्टेचा विषय होती. बाकीचे मास्तर खुर्चीत बसून नंबर पुकारत, मागून 'यस सर' आलं की बरोबरची खूण करत. एका घशातून पाच जण हजर होत असत. वाठोरे सर हजेरीबुक हातात घेऊन बाकांमधून फिरायचे. प्रत्येकाच्या समोर उभे राहायचे, नाव घ्यायचे, तोंड बघायचे, मगच खूण. यात तासातली दहा मिनिटं जायची. प्राचार्यांनी यावर एकदा त्यांना टोकलं. सर म्हणाले, खोटा हजर मला पकडायचाच नाही, तो पोट भरून खोटं बोलो. मला खोटा गैरहजर सापडतो. आणि त्यांनी एका तांड्यावरून येणाऱ्या मुलीचं नाव सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक होता की रोज वर्गात बसूनही तीन विषयांत तिची महिनाभर गैरहजेरी लागली होती. ती रोज 'यस सर' म्हणत होती. ते कुणापर्यंत पोचत नव्हतं इतकंच.

हा नाद कुठून आला, ते एकदाच त्यांच्या तोंडून ऐकलं. आम्ही साखरा या त्यांच्या गावी, त्यांच्या घरी गेलो होतो. जेवण झालं, अंगणात बसलो, आणि मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की त्यांच्या वस्तीला नळ इतक्या उशिरा का आला. सरांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी कसलीशी यादी करायला एक कारकून गावात आला. चावडीवर बसला, घरं लिहून घेतली आणि शेवटी मोठ्याने विचारलं, "कोणी राहिलं का?" चावडीवर बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि न्हाई म्हणाले. वस्ती चावडीपासून चारशे पावलांवर. तिथून आवाज येण्यासारखा नव्हता, आणि चावडीवर येऊन बोलायची सोय वस्तीतल्या माणसाला तेव्हा नव्हती. कारकून भला माणूस होता, असं सर म्हणाले. त्याने विचारलं होतं. "फक्त जिथं विचाराय पायजे होतं तिथं न्हाई विचारलं." एवढं बोलून ते उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. नंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

दोन हजार सालानंतर केव्हातरी सरांना त्या छोट्या संगणकांचं वेड लागलं. हातभर तारा आणि तळहाताएवढं बोर्ड. पडदा नाही, कळफलक नाही. हा संगणक यंत्राच्या पोटात बसून यंत्र चालवतो, असं ते सांगायचे. पुण्याहून कुणाकडून तरी बोर्ड मागवायचे आणि आमच्या ग्रंथालयातल्या एकमेव इंटरनेट-कनेक्शनवर बसून पानंच्या पानं छापून घ्यायचे. छपाईचा कागद माझ्या खात्यातून जात असल्यामुळे मला ते काय करून राहिले हे समजून घेण्याचा नैतिक अधिकार मिळाला.

त्यांनी मला समजावलं ते मी अजून विसरलो नाही. त्या संगणकाच्या आत कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. बाहेरच्या प्रत्येक वस्तूशी बोलायला त्याच्या हाताखाली वेगवेगळे ड्रायव्हर असतात. दाब मोजणाऱ्या चिपशी बोलणारा वेगळा, उष्णता मोजणाऱ्या चिपशी बोलणारा वेगळा. काही वस्तू आगाऊ असतात. पेन-ड्राइव्ह खुपसला की तो स्वतःच सांगतो, मी अमुक, माझा माणूस बोलवा. पण यंत्राच्या पोटातल्या चिपा तशा नसतात. दोन तारांच्या एका वाटेवर त्या ओळीने बसलेल्या असतात. त्या वाटेला बस म्हणतात. तिथे कुणी आपणहून बोलत नाही. नेमका नंबर घेऊन हाक मारली तरच उत्तर. म्हणून बोर्डाच्या फाइलीत आधीच एक यादी लिहून ठेवावी लागते, की या बसवर, या नंबरवर, ही वस्तू आहे. कर्नेल जागा होतो, यादी वाचतो आणि त्या त्या ड्रायव्हरला त्या त्या दारी पाठवतो.

"आणि यादीत नसेल तर?" मी विचारलं.

"तर ती चिप तिथं हाय. करंट खाऊन राहिली, पाणीबी मोजायला तयार हाय. पण कर्नेलच्या लेखी ती न्हाई."

मी ग्रंथपाल. दाखलनोंदवहीत न चढलेलं पुस्तक कपाटात असूनही नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. मी तसं म्हटलं तेव्हा सर इतके खूश झाले की पुढचे दोन महिने येईल त्याला माझं उदाहरण देत राहिले.

त्यांच्या डोक्यात तेव्हा हळदीचा बॉयलर होता. आमच्याकडे हळद निघाली की ती शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या कढयांत शिजायची, मग ट्रॉलीवरचे वाफेचे बॉयलर आले. खाली कापसाच्या पऱ्हाट्या आणि लाकडं पेटवायची, वाफ नळीने ड्रमात सोडायची, ड्रमातली हळद दहा-पंधरा मिनिटांत शिजते. काम झपाट्याचं, पण बॉयलरमधलं पाणी संपत आलं आणि खालचा जाळ तसाच राहिला तर पत्रा लाल होतो. मग काय होतं ते दोन-तीन गावांनी पाहिलं होतं. पाणी कळायला बॉयलरला काचेची एक उभी नळी असते. ती धुराने काळी होते आणि फुटते, आणि फुटली की लोक तिथे बूच ठोकतात. सरांनी ठरवलं की एक डबा करायचा. दाब, उष्णता आणि पाणी, तिन्ही मोजायचं, लाल आकड्यांच्या पाटीवर लांबून दिसेल असं दाखवायचं, आणि पाणी खाली गेलं की भोंगा. डब्यातल्या दोन चिपांचे नंबर पक्के होते. पाणी मोजणारी चिप बॉयलरच्या अंगावर वेगळ्या डबीत होती, आणि तिचा नंबर डबीवरच्या एका छोट्या चकतीने ठरायचा. चकतीवर शून्य ते सात. स्क्रू-ड्रायव्हरने बाण फिरवायचा. सरांनी पाण्याला शून्य दिलं. "पाणी आधी," म्हणाले. यादीतही त्यांनी तेच लिहिलं.

बॉयलर बनवणारे दत्ताभाऊ यांचा कारखाना औंढा रोडला होता. हा मोठ्या मनाचा माणूस. प्रत्येक नव्या वस्तूवर स्वस्तिक काढल्याशिवाय तिला वीज देत नसे. सरांवर त्यांचा जीव होता आणि सरांच्या डब्यावर त्याहून अधिक, कारण वीस बॉयलरांना डबे लावायचं एका मोठ्या संस्थेशी त्यांचं बोलणं चाललं होतं. सहा वर्षं सर ज्या डब्यामागे होते तो वीस गावांत जाणार होता. दत्ताभाऊंची तक्रार एकच. ट्रॉली हादरली, तार हलली की पाण्याचा आकडा क्षणभर जायचा आणि पाटीवर तीन रेघा यायच्या.

"गिऱ्हाईकासमोर तीन रेघा बऱ्या दिसत न्हाईत सर. मागचाच आकडा राहू द्या ना क्षणभर. कोणाला कळून राहिलं?"

सरांनी दोन दिवस विचार केला आणि तसं केलं. उत्तर नाही आलं तर मागचा आकडा दाखवायचा. पाच वेळा उत्तर नाही आलं तर मात्र भोंगा वाजवायचा, अशी पुढची ओळ त्यांनी वहीत लिहून ठेवली. प्रोग्राममध्ये लिहायची राहिली. परीक्षा होत्या.

फेब्रुवारीत पुसेगावला एका शेतात शेतकरी मेळावा ठरला. बॉयलर आणि डब्याचं उद्घाटन एका माजी पदाधिकाऱ्यांच्या हस्ते होतं. त्यांच्या नावामागे लावायच्या विशेषणांची यादी माझ्याकडे आधीच आली होती, कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. संस्थेत ज्याला शुद्धलेखन येतं त्याच्याकडे माइक येतो. मांडव बॉयलरपासून वीस पावलांवर घातला होता, म्हणजे फोटोत पाहुण्यांच्या मागे वाफ यावी.

सर हिंगोलीहून एसटीने आले आणि सरळ बॉयलरकडे निघाले. त्यांना डब्याची नोंदवही बघायची होती. चालू होताना तो डबा कोण भेटलं, कोण नाही हे एकेका ओळीत लिहून ठेवायचा. दत्ताभाऊंनी त्यांना वाटेतच धरलं. सर, पाहुणे आले, आधी सत्कार. सरांना शाल घातली, नारळ दिला आणि व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत बसवलं. मी माइकजवळ उभा होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

बॉयलरवर रुक्मिणबाई होती. जवळच्या तांड्यावरची, पन्नाशीची, कढयांच्या काळापासून हळद शिजवत आलेली. तिच्या हातून कधी कच्ची हळद उतरली नाही अशी तिची ख्याती होती. बॉयलरच्या पुढच्या अंगावर पाहुण्यांच्या फोटोचं मोठं बॅनर बांधलेलं होतं, त्याच्यामागे ती काचेची नळी गेली होती. तिने सकाळीच म्हटलं होतं की काच दिसत नाही. तिला सांगण्यात आलं, आता काच कशाला, वर आकडे आहेत, हिरवा दिवा आहे.

पाणी भरणारा पंप डिझेल इंजिनावर होता. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि त्यांचा पहिला शब्द इंजिनाच्या आवाजात बुडाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइक थोडा वाकवला आणि म्हणालो, "कृपया पंप बंद करावा." कुणीतरी धावत जाऊन बंद केला. भाषण सुरू झालं.

भाषण हळदीवर होतं. पाहुणे हळदीच्या पुराणकाळापासून निघाले. रुक्मिणबाई जाळ घालत होती, ड्रमात वाफ जात होती, लोक टाळ्या वाजवत होते. पाटीवर तीन आकडे लाल चमकत होते. वीसेक मिनिटं झाली असतील. सर माझ्या बाहीला हळूच ओढत होते.

"खालचा आकडा बघा."

मी पाहिलं. पाणी बासष्ट. हिरवा दिवा. मी कुजबुजलो, की उत्तम आहे.

"वरचे दोन हलून राहिले. हा मी बसल्यापासून बघतोय, हलला न्हाई."

"बरं आहे की स्थिर आहे."

सर माझ्याकडे असे बघत राहिले, की मला साखरेचं पुडकं झाल्यासारखं वाटलं. मग ते अगदी सावकाश म्हणाले, "उकळतं पाणी हाय ते."

मला तेव्हा कळलं. पंप बंद होता हेही तेव्हाच आठवलं. सरांनी नारळ माझ्या हातात दिला आणि एकच सांगितलं, "लोकांना मागं न्या. बॉयलरचं नाव घेऊ नका. पळाले तर एकमेकांवर पडतील." आणि शाल खुर्चीवर ठेवून, पाहुण्यांच्या समोरून, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून गेले.

पाहुणे थांबले. त्यांच्या कारकिर्दीत त्यांच्यासमोरून असं कोणी चालत गेलं नसावं. त्या रिकाम्या क्षणात मी माइक घेतला. माझ्या आयुष्यातलं एकमेव परिणामकारक भाषण तेव्हा झालं, आणि ते सहा शब्दांचं होतं: "जेवण मांडवाच्या मागच्या बाजूला तयार आहे." मिनिटभरात मांडव निम्मा झाला. पाहुणे माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना नारळ दिला आणि हाताला धरून मागे नेलं. नारळ का, ते मला आजही सांगता येत नाही.

मागून जे दिसलं ते असं. दत्ताभाऊ सरांच्या आडवे आले होते, हात पसरून. त्यांचा चेहरा रडवेला होता. सर त्यांना बाजूने वळसा घालून बॉयलरपाशी गेले आणि त्यांनी बॅनरची दोरी कापली. पाहुण्यांचा फोटो कमरेत वाकून खाली आला. मागे काचेची नळी होती. पुसलेली, स्वच्छ, आणि तळापर्यंत रिकामी.

रुक्मिणबाईने ती पाहिली आणि ती पंपाकडे धावली. कुणीही तेच केलं असतं.

"पाणी टाकू नका बाई," सर म्हणाले. ओरडले नाहीत. "तापल्या पत्र्यावर गार पाणी गेलं तर फुटंल. जाळ ओढा फक्त."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पंपाच्या हँडलवरचा हात काढला, लांब लोखंडी आकडी घेतली आणि विस्तव ओढायला लागली. सर घमेल्याने ओली माती टाकू लागले. दत्ताभाऊ क्षणभर तसेच उभे होते, मग तेही दुसरं घमेलं घेऊन आले. तिघंच होती तिथे. बाकी सगळे मांडवामागे ताटं घेऊन उभे, आणि हळूहळू ताटांचा आवाज बंद झाला. वाफेची बारीक शीळ ऐकू येत होती. जळकं लोखंड आणि हळद असा एक वास आला, तो अजून नाकात आहे. दाबाचा आकडा चढला, थांबला, पुन्हा एक घर चढला. सर जाळ काढून झाल्यावर त्या दोघांना घेऊन बांधापलीकडे आले आणि उभे राहिले. आता करण्यासारखं काही नव्हतं.

पाऊण तास आम्ही त्या पाटीकडे पाहत होतो. दाब उतरला. उष्णता उतरली. आणि सगळ्यांत खाली, हिरव्या दिव्याशेजारी, रिकाम्या बॉयलरवर, पाणी बासष्ट.

काही फुटलं नाही. हीच पुढची अडचण होती. फुटलं असतं तर सर द्रष्टे ठरले असते. न फुटल्यामुळे त्यांनी कार्यक्रम मोडला असं ठरलं. पाहुणे न जेवता गेले. संस्थेने सरांना नोटीस दिली, विषय: व्यासपीठावरील गैरवर्तन. दुसऱ्या दिवशी बॉयलर उघडला तेव्हा तळाचा पत्रा निळा पडून खाली फुगलेला होता, पण तो बघायला नोटीस देणारं कुणी आलं नाही.

सरांनी त्याच दिवशी डब्याची नोंदवही काढली. एका ओळीत लिहिलं होतं की पाण्याच्या नंबरवर हाक मारली, उत्तर नाही. ते डबीकडे गेले. चकतीवर कुंकू होतं आणि बाण एकावर होता.

दत्ताभाऊंनी लपवलं नाही. मेळाव्याच्या आदल्या दिवशी पूजा केली, म्हणाले, तेव्हा बाण शून्यावर दिसला. नव्या कामाची सुरुवात शून्यावर कशी ठेवायची? आहेर एकशेएकाचा करतो आपण, शंभराचा करत नाही. त्यांनी मनोभावे एक केला आणि वर कुंकू लावलं. "सर, माज्या मनात वाईट न्हवतं."

म्हणजे झालं होतं ते एवढंच. ड्रायव्हर यादीप्रमाणे शून्याच्या दारी गेला, तिथे कुणी नव्हतं, परत आला. चिप एकावर बसून पाणी उतरताना बरोबर मोजत होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं. आणि पाटी, सरांच्याच त्या ओळीप्रमाणे, साठवलेला मागचा आकडा दाखवत होती. मेळाव्याच्या दोन दिवस आधी कारखान्यातल्या चाचणीत बॉयलरमध्ये जे पाणी होतं, ते ती पुसेगावला दाखवत होती.

मी सरांना म्हणालो, की चूक दत्ताभाऊंची. खरं तर मला पंपाचं बोलायचं होतं आणि ते जमत नव्हतं. सर डबीवरचं कुंकू स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने काढत होते.

"दत्ताभाऊनं शून्याचा एक केला. तुमी पंप बंद केला. ते चालतं, माणसं हायेत. माज्या डब्याला उत्तर आलं न्हाई आणि तो ठीक म्हणाला." चकतीवर फुंकर मारून पुन्हा म्हणाले, "चावडीवर बसून ठीक म्हणाला."

नोटिशीला त्यांनी एका पानाचं उत्तर लिहिलं. त्यात गैरवर्तनाबद्दल काही नव्हतं. डब्यातली चूक कोणती, कुणाची आणि कोणत्या ओळीत, हे होतं. शेवटी 'ही चूक माझी आहे' असं वाक्य होतं. संस्थेने ते कबुली म्हणून फायलीला लावलं आणि दोन वेतनवाढी रोखल्या. सरांनी ती ओळ प्रोग्राममधून काढली. आता उत्तर नाही आलं तर तीन रेघा आणि भोंगा, क्षणभरासाठीही मागचा आकडा नाही. दत्ताभाऊ हात जोडून आले. वीस बॉयलरांचं बोलणं अजून मोडलेलं नव्हतं, ते घेणाऱ्या मोठ्या संस्थेच्या लोकांनी आकडा न जाणारा डबा मागितला होता, एवढं केलं तर वीस बॉयलर.

"तीन रेघा कोण इकत घेईल सर?"

सर म्हणाले, "तेबी बराबर हाय." पण त्यांनी डबा बदलला नाही, आणि वीस बॉयलर दुसरा कुठलातरी डबा लावून गेले. दत्ताभाऊंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही, फक्त कारखान्यात बोलावणं सोडलं. सर पुन्हा हजेरीबुक घेऊन बाकांमधून फिरायला लागले. त्या वर्षी ग्रंथालयात ते कमी आले. मला वाटलं, संपलं.

डबा मागायला शेवटी रुक्मिणबाई आली. तांड्यावरच्या बायकांनी मिळून एक जुना बॉयलर घेतला होता. ती ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली, कारण सर कुठे बसतात ते तिला माहीत नव्हतं. मी तिला त्यांच्याकडे नेलं. तिला रेघांचं सांगितलं होतं कुणीतरी, तरी सरांनी विचारलं, की रेघांचा डबा कुणाला नको असतो, तिला चालेल का.

"काहून नको?" ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई सर. पर रेघा वळखू येतात."

मी सरांना शेवटचं पाहिलं ते कनेरगाव नाक्याला. माझी बदली वाशीमच्या बाजूला झाली होती. हळदीचे दिवस, सकाळचे दहा वाजले असतील. गाडी चहाला थांबली होती आणि मी ढाब्याच्या कडेला ग्लास घेऊन उभा होतो. रस्त्यापलीकडच्या शेतात बॉयलर चालू होता, चार ड्रम, सात-आठ बाया. अचानक भोंगा वाजला. माझ्या हातातला चहा सांडला.

शेतात मात्र कुणी धावलं नाही. एकीने आकडी घेतली आणि विस्तव ओढला. बाकीच्या डोक्यावरची घमेली खाली ठेवून बांधाकडे चालायला लागल्या, बोलत बोलत, जणू जेवायची सुट्टी झाली. तेव्हा मला बॉयलरमागून पांढरा शर्ट येताना दिसला. सरांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डबीपाशी उकिडवे बसले. पाटीवर दोन आकडे आणि खाली तीन रेघा. पाटीखाली पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलं होतं, रस्त्यावरून वाचता येईल एवढं मोठं: 'रेघा म्हणजे माहीत नाही. विस्तव ओढा.' आमच्या जिल्ह्यात स्वतःबद्दल इतकं खरं सांगणारी दुसरी पाटी मी वाचलेली नाही. शेजारी, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, तीन रेघा आणि आकडीचं चित्र होतं.

तार सुटली असावी. ती जोडून सर उठले. रुक्मिणबाई काचेच्या नळीशी गेली, पदराने काच पुसली आणि नळीवर बोट ठेवून त्यांना काहीतरी सांगितलं. सरांनी पाटीकडे पाहिलं. आकडा आला होता. चौपन्न, पंचावन्न, चौपन्न. काच आणि आकडा जुळले तेव्हा तिने बांधाकडे हात केला आणि बाया परत आल्या.

सर मात्र हललेच नाहीत. हात मागे बांधून, मान किंचित वाकडी करून ते आकड्याकडे पाहत उभे होते. कंडक्टरने घंटी दिली. मला त्यांना हाक मारायची होती, आणि रस्ता काही रुंद नव्हता. पण शेतातला पंप चालू होता, आणि त्याच्या आवाजात माझा आवाज पोचला नसता. मी तोंड मिटून गाडीत चढलो, आणि पंप चालू राहिला.